मोजक्या पैशांत जुन्या गाडीत घरच्या घरी बदल: सुरुवात कुठून करावी?

जुनी_सोबत
माझ्याकडे सुमारे तीस वर्षांची एक छोटी गाडी आहे. चार सिलिंडरचे कार्ब्युरेटरवर चालणारे पेट्रोल इंजिन, पुढच्या चाकांना ओढ, १३ इंची चाके आणि मागे ड्रम ब्रेक असा तिचा साधा संसार आहे. गाडी रोज चालते, पण वळणावर झोके खाते, रात्री दिव्यांचा उजेड पुरत नाही आणि वेग वाढला की आतल्या माणसांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. मला तिच्यात काही बदल करायचे आहेत: स्प्रिंग कापून ती थोडी खाली बसवायची आहे, रुंद चाके लावायची आहेत, हवेचा उघडा फिल्टर आणि मोठ्या नळीचा सायलेन्सर बसवायचा आहे, दिवे सुधारायचे आहेत आणि आवाज कमी करायचा आहे. माझ्याजवळ सिमेंटची सपाट जागा, पान्यांचा एक चांगला संच, जॅक आणि मल्टिमीटर आहे. पैसे मात्र चार नव्या टायरांना जेवढे लागतील त्याच्या दुपटीपेक्षा जास्त नाहीत. वेल्डिंग मला येत नाही. या कामांचा क्रम कसा लावावा आणि यातले कोणते काम मुळात करूच नये, याविषयी जाणकारांनी लिहावे, अशी विनंती.

दहाबाराचा_पाना
आपण यादी प्रामाणिकपणे दिली आहे, म्हणून उत्तरही सरळ देतो. जी गाडी वळणावर झोके खाते, ती कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा बहुधा तशी नव्हती. तीस वर्षांत तिचे रबर कडक झाले, शॉकॲब्सॉर्बरमधले तेल गळून गेले, बॉल जॉइंट ढिले पडले आणि स्प्रिंग दमल्या. अशा गाडीवर रुंद चाके चढवली तर ढिल्या सांध्यांवर जास्त ओढ येते आणि गाडी आणखी भरकटते. तेव्हा आपल्या पैशांतला मोठा वाटा गाडी पूर्ववत करण्यात जाऊ द्यावा. नवे बुश (सांध्यांत बसणारे रबरी भाग), नवे शॉकॲब्सॉर्बर आणि ताजे टायर पडलेली जुनी गाडी चालवताना जो फरक जाणवतो, तो दिखाऊ सुट्या भागांच्या कोणत्याही संचातून मिळत नाही.

मात्र त्याआधी गंज पाहावा. गालिचा पूर्ण उचलून तळाचा पत्रा, दाराखालचे उंबरे, पुढच्या शॉकॲब्सॉर्बरचे वरचे टोक जिथे बसते तो भाग आणि सीटबेल्टचे बोल्ट जिथे अडकतात त्या जागा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहाव्यात. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद वाजतो. संशय आला तर चुंबक फिरवावा. लांबी (पुट्टी) भरून रंगवलेल्या जागी तो धरत नाही. वरवरचा गंज तारेच्या ब्रशने घासून, गंजरोधक लावून आणि प्रायमर देऊन घरी थोपवता येतो. पण वर सांगितलेल्या जागी भोक सापडले, तर बाकीची सगळी यादी बाजूला ठेवून आधी जाणत्या वेल्डरकडे जावे.

दुसरी गोष्ट जॅकची. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. गाडीखाली शिरायचे असेल तर वजन पेलणारे लोखंडी स्टँड हवेतच, जमिनीवर राहिलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत, आणि खाली जाण्याआधी गाडी हाताने जोर लावून हलवून पाहावी. विटा आणि पोकळ सिमेंटचे ठोकळे आधाराला कधीही वापरू नयेत, कारण ते न वाकता एकदम फुटतात. पहिली खरेदी स्टँडची करावी.

जुनी_सोबत
पानाजी, आपल्या सांगण्याप्रमाणे स्टँड आणले आणि दोन दिवस नुसती तपासणी केली. तळाचा पत्रा ठीक निघाला. फक्त चालकाच्या पायाखाली वरवरचा गंज आहे. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण सापडली. पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे असतात हे कळल्यावर हिशेब केला, तर चारही टायर नऊ वर्षांचे निघाले. नक्षी भरपूर शिल्लक असल्याने मी ते चांगलेच समजत होतो. ब्रेक ऑइलचा रंग कोऱ्या चहासारखा झाला आहे आणि ते शेवटचे कधी बदलले हे मला आठवत नाही. स्प्रिंग कापण्याचा विचार मात्र अजून मनातून गेलेला नाही, कारण त्याला खर्च काहीच येत नाही.

काजळी
खर्च काहीच येत नाही, या एका वाक्यावर विसंबून मी ते काम केले होते, म्हणून लिहितो. माझ्या गाडीच्या स्प्रिंगला काम करणारे सातेक वेढे होते आणि मी प्रत्येकीचा दीड वेढा कापला. स्प्रिंगचा ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सातऐवजी साडेपाच वेढे उरले, म्हणजे स्प्रिंग सुमारे २७ टक्के ताठ झाली. पण चाकाला वर जायला उरलेली जागा त्याहून कितीतरी जास्त घटली होती. परिणामी प्रत्येक खड्ड्यात गाडी रबरी ठोकळ्यावर आदळू लागली. शॉकॲब्सॉर्बर जुन्या स्प्रिंगसाठी जुळवलेले असल्याने गाडी त्यानंतर दोनतीनदा उसळायची.

खरी भीती निराळीच होती. एकदा चाक बदलण्यासाठी गाडी उचलली, चाक खाली लोंबले आणि आखूड झालेली स्प्रिंग आपल्या वाटीत सैल होऊन फिरली. गाडी खाली उतरवताना ती तिरकी बसली आणि ते मला चार किलोमीटर गेल्यावर, खटखट आवाज आल्यावर कळले. कापण्याऐवजी ज्योतीने तापवून स्प्रिंग खाली बसवणारेही भेटतील. त्यात पोलादाचे पाणीच उतरते आणि ती स्प्रिंग पुढे कधी दगा देईल याचा नेम राहत नाही. शिवाय अशा जोडणीत शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग एकत्र असतात. त्या उलगडताना स्प्रिंग दाबून धरणारे अवजार धडके हवे. दाबलेली स्प्रिंग निसटली तर हात मोडण्यावर भागत नाही.

दहाबाराचा_पाना
काजळी यांच्याशी पूर्ण सहमत. जुनी_सोबत, आपल्याला एक सुचवतो: चारही चाकांच्या मध्यबिंदूपासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर मोजून इथे लिहावे. ते का, हे नंतर सांगतो.

ब्रेक ऑइलविषयी. ते हवेतली ओल शोषते. डॉट ४ प्रकारचे ताजे तेल किमान २३० अंश सेल्सियसला उकळते, त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की हा आकडा १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. उतारावर सतत ब्रेक दाबले की तेलाची वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल तळाला जाते. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलावे. बदलताना एक चूक अनेक जण करतात: मदतनीस पॅडल पूर्ण तळापर्यंत दाबतो. जुन्या मास्टर सिलिंडरच्या (पॅडलच्या दाबाने ब्रेक ऑइल पुढे ढकलणाऱ्या नळकांड्याच्या) ज्या भागात पिस्टन एरवी जातच नाही, तिथे गंजाची कड तयार झालेली असते; रबरी सील तिथून गेले की फाटते आणि गाडी आदल्या दिवसापेक्षा वाईट होते. पॅडलखाली लाकडाचा तुकडा ठेवावा म्हणजे ते अर्ध्यावरच थांबेल. रंगावर सांडलेले तेल लगेच भरपूर पाण्याने धुवावे, नाहीतर रंग सुटतो. रबरी ब्रेक नळ्या तितक्याच जुन्या असतील तर त्याही याच वेळी बदलाव्यात. त्या बाहेरून धड दिसतात, पण आतून फुगून वाट अडवतात आणि पॅडल सोडले तरी चाक जखडलेले राहते.

मागचे ड्रम उघडताना आतली धूळ हवेच्या झोताने किंवा तोंडाने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. पाणी मारून ती ओली करावी, फडक्याने पुसून घ्यावी आणि ते फडके बंद पिशवीत घालून टाकावे.

मंदगती
विषय थोडा वळवतो आणि लगेच परत आणतो. घरच्या घरी गाडी बदलण्याचा हा छंद मुळातच गरिबीतून आलेला आहे. १९३० च्या दशकात दक्षिण कॅलिफोर्नियातली तरुण मुले जुन्या फोर्ड गाड्यांचे मडगार्ड आणि टप काढून कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर त्या पळवत असत. १९३२ साली फोर्डने स्वस्त गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन दिले आणि पुढे तीच इंजिने भंगारातून या मुलांच्या हाती आली. त्यांनी आधी वजन काढले, ताकद नंतर वाढवली. काढायला पैसे लागत नव्हते. १९६१ च्या मिनी कूपरमध्येही नुसते इंजिन वाढवले नव्हते, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही दिले होते. धागाकर्त्यांच्या यादीत सायलेन्सर आहे, पण ब्रेक हा शब्दच नव्हता, एवढेच नम्रपणे नोंदवतो.

जुनी_सोबत
मंदगती, टोमणा पोहोचला. ब्रेक ऑइल आणि चारही रबरी नळ्या बदलल्या. पॅडलखाली लाकूड ठेवले होते. मोजमापे अशी: पुढे उजवीकडे ३३८ मिलिमीटर, पुढे डावीकडे ३५४, मागे दोन्हीकडे ३६१. गाडीच्या माहितीपुस्तकात पुढचे अंतर ३७० दिले आहे.

दहाबाराचा_पाना
मला हीच शंका होती. आपली गाडी पुढून आधीच दोन ते तीन सेंटिमीटर खाली बसलेली आहे आणि चालक ज्या बाजूला बसतो तिकडे जास्त बसली आहे. म्हणजे जो बदल आपल्याला करायचा होता, तो वयाने करून ठेवला आणि त्याचेच झोके आपण खात आहात. पुढच्या स्प्रिंगची मूळ मापाची नवी जोडी, नवे शॉकॲब्सॉर्बर आणि चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या आर्मचे बुश एकाच उघडणीत बदलावेत, म्हणजे श्रम एकदाच होतील. हे भाग नेहमी जोडीनेच बदलतात.

एक बारकावा इथे जरूर लक्षात ठेवावा. रबरी बुशचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना हातानेच लावावेत आणि शेवटचे आवळणे चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्यावर करावे. बुशमधले रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटलेले असते, म्हणून ते पीळ खाते. आर्म लोंबत असताना बोल्ट आवळला, तर गाडी खाली येताच ते रबर कायमचे पिळलेले राहते आणि काही महिन्यांत फाटते. नवे बुश टिकत नाहीत अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचे दुखणे हेच असते.

पाचवा_फ्यूज
दिव्यांविषयी कोणी लिहिले नाही म्हणून मी लिहितो. उजेड पुरत नाही म्हणून लगेच जास्त वॉटचे बल्ब आणू नयेत. आधी इंजिन चालू ठेवून आणि दिवे लावून बॅटरीच्या दोन टोकांमधला आणि मग बल्बच्या मागच्या जोडणीवरचा व्होल्टेज मोजावा. जुन्या गाड्यांत दोन्ही दिव्यांचा सगळा प्रवाह, म्हणजे जवळपास १० अँपिअर, बारीक तारांतून चालकापुढच्या बटणापर्यंत येतो आणि तिथून परत पुढे जातो. वाटेतल्या प्रत्येक गंजलेल्या जोडणीवर थोडा थोडा व्होल्टेज गळतो. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातात बदलतो. म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झाला की उजेड ३० टक्के उतरतो.

जुनी_सोबत
मोजले. बॅटरीवर १३.४ आणि बल्बवर ११.६.

पाचवा_फ्यूज
म्हणजे आपल्याला पूर्ण उजेडाचा जेमतेम ६० टक्के भाग मिळतो आहे. यावर रिले, म्हणजे थोड्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारे विजेचे बटण, हा उपाय आहे. जवळच्या आणि लांबच्या झोतासाठी एकेक असे दोन रिले बोनेटखाली बसवावेत. रिलेच्या ३० क्रमांकाच्या टोकाला बॅटरीकडून येणारी तार, ८७ पासून बल्बकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ पैकी एकाला दिव्यांची जुनी तार व दुसऱ्याला अर्थिंग जोडावे. मुख्य तारा २.५ चौरस मिलिमीटरच्या असाव्यात. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत असावा, कारण फ्यूजच्या अलीकडची तार पत्र्याला घासली तर तिला वाचवणारे काहीच नसते. जमल्यास उजव्या आणि डाव्या दिव्याचे फ्यूज वेगळे ठेवावेत. रात्री एक उडाला तरी रस्ता एकदम काळोखात जात नाही. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडावे. मूळ ६०/५५ वॉटचे बल्ब तसेच राहू द्यावेत. हॅलोजनसाठी बनवलेल्या काचेत एलईडी बल्ब घातला तर उजेडाचा उगम तंतोतंत जागी बसत नाही, झोत विस्कटतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात. तो बदल अनेक ठिकाणी नियमबाह्यही असतो.

काजळी
रुंद चाकांचे गणित राहिले. आपले टायर १६५/७० आर१३ असतील असे धरले, तर त्यांचा बाहेरचा व्यास ५६१ मिलिमीटर होतो. १७५/६० आर१४ चा व्यास ५६६ होतो, म्हणजे फरक एका टक्क्याहून कमी; वेगदर्शक फारसा चुकणार नाही आणि बहुधा काही घासणारही नाही. १८५/६० आर१४ घेतले तर फरक तीन टक्क्यांच्या आसपास जातो. रिम घेताना बोल्टच्या वर्तुळाचा व्यास, मधले भोक आणि रिम किती आत किंवा बाहेर बसते हे तीनही पाहावे. फार बाहेर बसणारे रिम बेअरिंगवर तरफेसारखा भार टाकते आणि स्टीअरिंग जड करते. खरे तर पैसे एवढेच असतील तर रिम तीच ठेवून मूळ मापाचे चांगले टायर घ्यावेत, असे माझे मत आहे.

भंगारप्रेमी
स्वस्तात खऱ्या अर्थाने सुधारणा हवी असेल, तर आपल्याच मॉडेलच्या महागड्या आवृत्तीतले भाग शोधावेत. बहुतेक कंपन्या एकाच सांगाड्यावर साधी आणि वरची अशा दोन्ही आवृत्त्या काढतात. वरच्या आवृत्तीतली जाड अँटीरोल बार (वळणावर गाडीचा कल रोखणारी दांडी), हवेशीर डिस्क किंवा चांगल्या सीट पुष्कळदा त्याच भोकांत बसतात. जुन्या सुट्या भागांच्या याद्या मांडून क्रमांक ताडून पाहणे हा माझा आवडता उद्योग आहे, घरचे त्याला वेळेचा अपव्यय म्हणतात. मात्र ब्रेकच्या नळ्या, सीटबेल्ट, बॉल जॉइंट आणि टायर हे भाग भंगारातून कधीही घेऊ नयेत.

जुनी_सोबत
आता इंजिनाकडे वळतो. उघडा फिल्टर आणि सायलेन्सर यांचा नाद सोडावा का? पिकअप खरोखरच कमी आहे. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब) मोजण्याचे मीटर एका मित्राकडून आणले आहे.

दहाबाराचा_पाना
मीटर आणले हे उत्तम झाले. इंजिन गरम करून चारही प्लग काढावेत, इग्निशन तोडावे, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि प्रत्येक सिलिंडरचा आकडा लिहून घ्यावा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर रिंग झिजल्या आहेत. जवळजवळ तसाच राहिला तर दोष व्हॉल्व्हकडे आहे.

उघड्या फिल्टरविषयी एवढेच की तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि बोनेटखाली ६० अंश असेल, तर त्या हवेची घनता सुमारे नऊ टक्के कमी असते, म्हणजे आवाज वाढतो आणि ताकद घटते. मूळ फिल्टरच्या डब्याला पुढून थंड हवा आणणारी नळी असते. जुन्या गाड्यांत ती हरवलेली किंवा फाटलेली सापडते. मोठ्या नळीच्या सायलेन्सरने एवढ्याशा इंजिनात कमी फेऱ्यांवर धुराचा वेग मंदावतो आणि रोजच्या चालवण्यात उलट सुस्ती येते.

जुनी_सोबत
आकडे असे आले, किलोग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये: ११.२, ११, ८.४ आणि १०.९. तिसऱ्यात तेल टाकल्यावर ८.६.

दहाबाराचा_पाना
म्हणजे तिसऱ्याचा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही. इंजिनाचे हेड उतरवण्याआधी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची, फट मोजावी. फट उरलीच नसेल तर व्हॉल्व्ह किंचित उघडा राहतो. हे काम फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) आणि एक दुपार एवढ्यात होते.

जुनी_सोबत
कळवायला उशीर झाला, क्षमस्व. तिसऱ्या सिलिंडरच्या एका टॅपेटला फट नावालाही नव्हती. फट माहितीपुस्तकाप्रमाणे ठेवली, दोनशे किलोमीटर गाडी चालवली आणि पुन्हा मोजले, तर आकडा १०.५ आला. फिल्टरच्या डब्याची थंड हवेची नळी खरोखरच हरवलेली होती, ती बसवली. गाडी आता चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जाते, तिथे पूर्वी दुसरा लागायचा. रिले बसवल्यावर बल्बवर १३.१ व्होल्ट मिळतात. स्प्रिंग, शॉकॲब्सॉर्बर, बुश, टायरॉड एंड (स्टीअरिंगपासून चाकाकडे जाणाऱ्या रॉडचे टोकाचे सांधे) आणि मूळ मापाचे चार टायर झाले. पैसे जवळपास संपले आहेत.

आवाजाचे काम उरलेल्या पैशांत केले. पत्र्यावर टिचकी मारून जिथे तो ढोलासारखा वाजत होता, त्या मधल्या भागांवरच ब्यूटिलचे (थरथर शोषणाऱ्या चिकट रबराचे) तुकडे चिकटवले आणि पूर्ण तळ मढवला नाही. दारांची रबरे बदलल्यावर वाऱ्याची शिट्टी थांबली, आणि तो फरक ब्यूटिलपेक्षाही मोठा होता. छताला लावतात ते डांबरी कापड स्वस्त मिळत होते, पण उन्हात त्याचा वास गाडीत भरतो असे वाचल्याने टाळले.

एक अडचण उरली आहे. टायरॉड एंड बदलल्यापासून सरळ रस्त्यावर स्टीअरिंग दहाएक अंश डावीकडे कलते राहते, गाडी मात्र सरळ जाते.

भंगारप्रेमी
दोन्ही रॉडची लांबी असमान झाली आहे. गाडी सपाट जागी उभी करून स्टीअरिंग सरळ बांधून ठेवावे. गाडीच्या दोन्ही बाजूंना चाकाच्या मध्याच्या उंचीवर, मध्यरेषेला समांतर असा एकेक दोरा ताणावा आणि दोऱ्यापासून पुढच्या रिमच्या पुढच्या व मागच्या कडेचे अंतर मोजावे. पुढची कड दोऱ्यापासून जास्त दूर असेल तर चाक आत वळलेले आहे. दोरे समांतर लावताना पुढची आणि मागची चाके सारख्याच रुंदीवर नसतात हे विसरू नये.

जुनी_सोबत
दोरे लावून पाहिले. डावे चाक चार मिलिमीटर आत आणि उजवे जवळजवळ तितकेच बाहेर वळलेले निघाले. दोन्ही रॉड सारख्याच प्रमाणात फिरवून दोन्ही चाके अर्धा मिलिमीटर आत आणली आणि लॉकनट आवळले. स्टीअरिंग आता सरळ आहे. पुढची उंची आज पुन्हा मोजली: उजवीकडे ३६८, डावीकडे ३६९.